झोन सिस्टिम सगळ्यांनाच हवी का?

फिल्मकडे नव्याने वळलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून झोन सिस्टिमवरच, म्हणजे दृश्यातल्या काळ्या-पांढऱ्या छटा मोजून एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग ठरवण्याच्या पद्धतीवरच येतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी ३५ मिमी कॅमेऱ्यावर कृष्णधवल फोटो काढतो. झोन सिस्टिम आल्याशिवाय एक्स्पोजर जमत नाही, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास ही पद्धत बांधली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे शीट फिल्म होती, म्हणजे प्रत्येक फोटोसाठी सुटं, वेगळं धुता येणारं पान. सावलीवरून एक्स्पोजर ठरवायचं आणि उजेडाचे भाग डेव्हलपिंगच्या वेळेने आवरायचे, हे तिचं सार. तुमच्या रोलवरच्या ३६ फ्रेम एकाच टाकीत, एकाच वेळी धुतल्या जातात. ऊन आणि ढग एकाच रोलवर असतील, तर वेळ कुणाच्या सोयीने ठरवणार? पहिला अर्धा भाग मात्र जरूर शिका. उजेड मोजणारा मीटर जे दिसेल ते मध्यम करडं धरतो. सावलीत तपशील हवा असेल, तर तिथलं रीडिंग घेऊन दोन स्टॉप कमी द्या (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). झाला झोन तीन, म्हणजे तपशील टिकलेली गडद सावली.

प्रश्न : रंगीत निगेटिव्हला ही पद्धत चालते का?

उत्तर : मोजण्यापुरती. सी-४१, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रमाणित प्रक्रिया, हिचं तापमान आणि वेळ ठरलेली असते. स्लाइड वापरत असाल तर हिशेब उलटा, आधी उजेड सांभाळा.

प्रश्न : डब्यावर ४०० लिहिलेलं असलं, तरी फिल्मचा खरा वेग, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, २००च असतो असं ऐकलं.

उत्तर : कुणाच्या डेव्हलपरमध्ये, कुणाच्या मीटरने? ऐकीव आकडा वापरू नका. स्वतः चाचणी घ्या किंवा तुमचे रोल धुणाऱ्यालाच विचारा.

प्रश्न : माझे स्कॅन उत्तम येतात, पण डार्करूममधल्या प्रिंटमध्ये सावल्या चिखलासारख्या दिसतात. आता तरी झोन सिस्टिम शिकू ना?

उत्तर : आधी निगेटिव्ह बघा! महिनोन् महिने फोटो काढणारे लोक स्वतःची निगेटिव्ह उजेडासमोर धरत नाहीत, याचा मला खरोखर संताप येतो. स्कॅनर आपणहून उजळवतो, कॉन्ट्रास्ट ताणतो आणि तुमची चूक झाकतो. लॅबही बोलत नाही, गिऱ्हाईक खूश आहे ना! पट्टी खिडकीशी धरा आणि कडेचे आकडे वाचा. ते कारखान्यातच एक्स्पोज झालेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. आकडे ठळक काळे पण चित्र पातळ, तर एक्स्पोजर कमी पडलं. आकडेही फिकट, तर संशय डेव्हलपिंगवर. सावलीची जागा कोऱ्या कडेइतकीच पारदर्शक असेल, तर तिथे काही उमटलेलंच नाही आणि कुठलीही पद्धत ते परत आणणार नाही. ‘पुश करू (जास्त वेळ डेव्हलप करू), निघेल’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. पुशने उजेडाचे भाग दाट होतात, सावली जवळपास तिथेच राहते. दोन-तीन पट्ट्या स्वतः प्रिंट करणाऱ्या जाणकाराला दाखवा, मग झोनचं बोलू.

प्रश्न : ‘सात दिवसांत झोन सिस्टिम’ असा एक कोर्स आहे, सोबत खास मीटर ॲप मोफत. घेऊ का?

उत्तर : नको. त्या पैशात फिल्म घ्या.

प्रश्न : आजोबांच्या कॅमेऱ्याचा मीटर चालतो, पण फोटो अंधारे येतात.

उत्तर : जुन्या मीटरला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची. आजची अल्कलाइन १.५ देते, त्यामुळे बऱ्याच कॅमेऱ्यांचं रीडिंग चुकतं. शटरही तपासायला हवं. दुरुस्तीवाल्याकडे न्या, घरी उघडू नका.

प्रश्न : झोन सिस्टिम शिकून मगच धुवायचे, म्हणून दोन वर्षांचे रोल साठवून ठेवलेत. चालेल ना?

उत्तर : कशासाठी? त्यांचं एक्स्पोजर तेव्हाच झालं. उमटलेली पण न धुतलेली प्रतिमा हळूहळू विरत जाते. लॅबला फिल्मचं नाव आणि किती जुने रोल आहेत ते सांगा, आणि आजच द्या.