पाहुणी उठते म्हणून यजमानीण उठते

“नातेवाइकांकडे सुट्टीला गेले की विश्रांती मिळत नाही आणि हॉटेलात उतरावे तर त्यांना वाईट वाटते, मग करायचे काय?” हा प्रश्न साताऱ्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर हमखास येतो. तो आला की मला एका शिक्षिकेची हकिकत आठवते. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ती येथे सांगत आहे.

त्यांची थोरली नणंद पतीच्या नोकरीमुळे अंदमानात, पोर्ट ब्लेअरला राहते. २०२४ मध्ये त्या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले, पण या घरात अजून जुनेच नाव चालते. “समुद्र आहे, घर आहे, नुसते येऊन पडा,” या आग्रहाला मान देऊन हे कुटुंब कंदी पेढे आणि मसाल्याचे डबे घेऊन अकरा दिवसांसाठी तिकडे गेले. परतल्यावर आठवड्याभरात बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या, “ताईंनी काही कमी केले नाही, तरी मला कधी एकदा निघते असे झाले होते. मी इतकी कृतघ्न कशी?”

कृतज्ञतेवर बोलत बसण्याऐवजी मी त्यांना तिथला एक दिवस घड्याळाप्रमाणे सांगायला लावले, कारण माझ्या अनुभवात अशा तक्रारींचे मूळ बहुधा वेळापत्रकात सापडते. अंदमान आपल्या बरेच पूर्वेला असूनही तिथे घड्याळ आपलेच चालते. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला साताऱ्यात साडेसहाच्या सुमारास उगवणारा सूर्य तिथे सव्वापाचलाच वर येतो आणि संध्याकाळी पाचपर्यंत मावळतोही. उजाडण्याआधीच स्वयंपाकघरात भांडे वाजले की पाहुणीने लोळत पडणे बरे दिसणार नाही म्हणून या उठत, पोळ्यांची कणीक ओढून घेत, आणि नको नको म्हणत दोघी नऊ वाजेपर्यंत ओट्याशी उभ्या राहत. हे सांगताना त्यांचा उजवा हात माझ्या टेबलावर नसलेली कणीक मळत होता. पती मात्र बहिणीच्या घरी आठपर्यंत निवांत झोपत असत, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगितले.

त्यांना कृतघ्न म्हणावे असे मला त्यात काही दिसले नाही. आपल्या घरी थकलेला माणूस तोंड पाडून बसू शकतो. दुसऱ्याच्या घरात मात्र चेहराही आवरून ठेवावा लागतो आणि तो अकरा दिवस आवरणे हे कष्टाचेच काम आहे. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढणारी आपली म्हण निष्ठुर वाटते खरी, पण ती यजमानाच्या बाजूने रचलेली आहे. पाहुण्याचाही जीव तिसऱ्या दिवशी मेटाकुटीला येतो, हे तिने सांगितलेले नाही. ताईंना फोन करून एवढेच विचारा, मी म्हटले, की एरवी त्या किती वाजता उठतात.

उत्तर आले, “सातला. तुला लवकर उठायची सवय, म्हणून मी साडेचारचा गजर लावायचे.”

पुढच्या वर्षीच्या सहलीची आखणी आम्ही या एका वाक्यावरून केली. सकाळचा चहा ज्याचा त्याने करायचा, भाजी आणि मासळी पाहुण्यांनी आणायची, आणि मधल्या दोन रात्री पूर्वी हॅवलॉक म्हणत त्या स्वराज द्वीपावर खोली घेऊन राहायचे. हे तिकिटे काढण्यापूर्वीच, तारखांसह सांगावे असा माझा आग्रह होता. तिथे पोहोचल्यावर सांगितलेला असा बेत रुसवा म्हणूनच घेतला जातो. खोलीचा विषय पतीने काढायचा हेही ठरले, कारण सख्ख्या भावाशी ताई भांडून मोकळ्या होतील, भावजयीचे शब्द मात्र मनात ठेवतील. पतींनी हे काम महिनाभर पुढे ढकलले, हेही नोंदवले पाहिजे.

अखेर त्यांनी सांगितले, तेव्हा ताईंनी “आमचे घर लहान पडले का?” असे विचारून फोन ठेवला आणि दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तो भावजयीला. त्या बेटावर त्यांनाही कित्येक वर्षांत जायला जमले नव्हते. आणखी एक खोली मिळेल का, असे त्या विचारत होत्या.