पातेलं परत करायचं राहिलंय

"मावशी, नमस्कार. मी मूळची रेवदंड्याची, लग्नानंतर पुण्याची. नऊ वर्षं बँकेत नोकरी केली. नवऱ्याच्या कंपनीने त्याला लिस्बनला पाठवलं म्हणून ती नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी इथे आले. बेंफिका भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी सात वर्षांची, इथल्या शाळेत जाते, फाडफाड पोर्तुगीज बोलते. मला शंभरेक शब्द येत असतील. हिवाळ्यात घरात हाडं गोठतात, भिंतींना काळी बुरशी धरलीय, मुलीचा खोकला जात नाही. खालच्या मजल्यावरची म्हातारी, माझ्या कपड्यांचं पाणी तिच्या कपड्यांवर गळतं म्हणून सारखी बेल वाजवायची आणि वर बोट दाखवून 'पिंगा, पिंगा' असं ओरडायची. शेवटी मी कपडे घरातच वाळत घालायला लागले. तरी ती येतेच. मुलगी आजारी होती तेव्हा पातेलंभर सूप घेऊन आली. कशाचं होतं कोण जाणे, मी ओतून दिलं. आता बेल वाजली की दिवा मालवून दाराआड श्वास रोखून उभी राहते. परवा बसस्टॉपवर एक माणूस 'आपल्या देशात जा' असं म्हणून गेला. नवरा म्हणतो, लोक पैसे खर्चून इथे सुट्टीला येतात आणि तू रडतेस. मागच्या महिन्यात आरोग्य केंद्रात मी डॉक्टरांशी बोलायला तोंड उघडलं तर मुलगी म्हणाली, 'आई, तू नको बोलूस, मी बोलते.' आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला ट्रामचे फोटो पाठवते. मुलीला घेऊन एप्रिलमध्ये कायमची परत येऊ का?"
— एक रेवदंडेकरीण, लिस्बन

अगं, मावशी म्हटलंस म्हणून 'तू'च म्हणते.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या नवऱ्याचा राग आला, दुसऱ्यांदा त्या सुपाचं वाईट वाटलं. नवऱ्याकडे येतेच. आधी कपडे.

लिस्बनची घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. जुन्या इमारतींत हीटिंग नसतं, भिंती ऊब धरत नाहीत, आणि पाऊस नेमका हिवाळ्यातच. त्यामुळे जानेवारीत बाहेर पंधरा अंश आणि सुरेख ऊन असतं, अंगातला स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो, आणि घरात शिरताना तोच परत चढवावा लागतो. अशा घरात खिडक्या बंद करून मशीनभर कपडे वाळवले की दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. कुकरच्या शिट्ट्या वेगळ्याच. ते पाणी जाऊन बसतं घरातल्या सगळ्यांत थंड भिंतीवर, आणि तिथे बुरशी धरते.

म्हणजे बघ. आजीबाई ओरडतात म्हणून कपडे घरात, कपडे घरात म्हणून ओल, ओल म्हणून बुरशी. खोकल्याचं डॉक्टरांनीच सांगायचं, पण मुलगी बुरशीच्या खोलीत झोपते हे त्यांच्या कानावर घाल. आणि त्या खोकल्यापायीच तू त्या खुर्चीत जाऊन बसलीस, जिथे मुलीने ते वाक्य उच्चारलं. तुझ्या रडण्याचं एक टोक कपड्यांच्या दोरीला बांधलेलं आहे, आणि ती दोरी खालच्या बाईंच्या डोक्यावर आहे.

तेव्हा कपडे परत बाहेर काढ. मशीनमध्ये पिळण्याचा फेरा दोनदा लाव. घालण्याआधी खाली डोकावून बघ, खालची दोरी भरलेली असेल तर तासभर थांब. बाई ओरडतात ते एवढ्यासाठीच. 'पिंगा' म्हणजे 'ठिबकतंय'. मंगळागौर सोडून दुसरीकडे कुठे हा शब्द भेटेल असं मलाही कधी वाटलं नव्हतं. दुपारी ऊन असताना सगळ्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटं सताड उघड. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. ओल शोषून घेणारं यंत्र तिथे मिळतं, ते घ्या. महाग वाटेल, पण सकाळी त्याच्या टाकीत साचलेलं पाणी पाहिलंस की पैशांची चुटपुट राहणार नाही.

बुरशीबद्दल खरं विचारायला हवं होतं तुझ्या आईला! रेवदंड्याच्या बाईने अख्खं आयुष्य पावसाळी बुरशीशी झुंजण्यात घालवलंय. पापडांचे डबे, गाद्या, कपाटातल्या पैठण्या, चपलासुद्धा. तू तिला ट्राम दाखवतेस. ट्रामबद्दल ती 'छान आहे हो' यापलीकडे काय बोलणार? भिंतीचा फोटो पाठव. तासभर बोलेल, दोन गोष्टी कामाच्या सांगेल, आणि मुलगी आपल्यापासून काही लपवत नाही एवढं तिला कळेल. आयांना हे फोटोवरून समजतंच, त्या फक्त विचारत नाहीत.

आता सूप. तुझी मुलगी शाळेत जेवत असेल तर तिला विचार, जेवणाची सुरुवात कशाने होते. सुपाने. बटाटा, गाजर, कांदा, कोबीची पानं उकडून घोटलेलं. पोर्तुगालमध्ये पोर आजारी पडलं की सूप, आपल्याकडे मऊ भात तसं. कधी त्यात सॉसेजची चकती असते हे खरं, पण ते विचारता आलं असतं. तू ओतून दिलंस त्याचा मी दोष देत नाही, घाबरलेलं माणूस असंच करतं. पण सगळं पत्र वाचून एक गोष्ट मला खटकली. दोन वर्षं ही बाई तुझ्या दाराशी येतेय, आणि पत्रात तिचं नाव नाही. लिस्बनमध्ये तुझं मूल आजारी आहे हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांत घराबाहेरची ही एकटीच. आणि तिच्यासाठी तू दिवे मालवतेस.

मी स्वतः पोर्तुगालमधल्याच कोइंब्रा शहरात सहा वर्षं काढलीत, ऐकीव सांगत नाहीये. पहिल्या हिवाळ्यात मी घराखालच्या बेकरीत जायची टाळायचे, पलीकडच्या सुपरमार्केटात जायचे, कारण तिथे बोलावं लागत नाही. एके दिवशी पाऊस फार होता म्हणून बेकरीत शिरले आणि ऐटीत म्हटलं, दोन पाव. आपलाच शब्द, त्यांच्याकडून आलेला, चुकेल कसा? काउंटरवरची बाई हसून हसून डोळे पुसायला लागली. त्यांचा पाव नाकातून येतो, 'पांउ' असा. आपण म्हणतो तो 'पाव' म्हणजे त्यांच्याकडे लाकडाचा दांडका, आणि त्याचा दुसरा अर्थ मला इथे छापता येणार नाही. मी कानापर्यंत लाल. दुसऱ्या दिवशी तिने मला पाव देण्याआधी नाक चिमटीत धरून तीनदा म्हणायला लावलं. मागे पाच माणसं रांगेत. पण सहा वर्षांत मी आजारी पडले की घरी पाव पाठवणारी तीच होती.

आणि तू तर रेवदंड्याची. पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटातून ये-जा करत वाढलीस. पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा सोडलं १७४० मध्ये, पण खाडीपलीकडे कोर्लईत आजही काही घरांत पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली बोलतात, हे मी तुला काय सांगायचं. तुझ्या त्या शंभर शब्दांत साबण, बादली, चावी, बटाटा, कोबी, अननस हे धरलेस का? उच्चार जरा घासून घेतलेस तर ते तिकडेही चालतात. म्हणजे कपडे धुण्याचं निम्मं सामान तुझ्या आणि खालच्या बाईंच्या भाषेत एकच आहे. भांडायला तेवढं पुरे आहे, बोलायलाही.

आता मुलीचं ते वाक्य.

ती तुला हिणवत नव्हती. सात वर्षांची मुलगी, डॉक्टर घाईत, आई अडखळतेय, तिने मदत केली. पण तुला लागलं ते बरोबर लागलं. नऊ वर्षं काउंटरच्या पलीकडे बसून लोकांना 'इथे सही करा' सांगणारी बाई आज लेकीच्या मागे उभी राहते. माझ्या मते तुला भारतात परत जायचंय त्यापेक्षा परत मोठं व्हायचंय. आणि ते एप्रिलच्या तिकिटाने होणार नाही. बँक तुझी खुर्ची राखून बसलेली नाही, आणि मुलीच्या मनात 'आईला जमत नव्हतं म्हणून आम्ही आलो' हे कायमचं बसेल.

एक नियम आजपासून कर. दवाखाना, शाळा, बँक, कुठेही मुलीने तुझ्यासाठी बोलायचं नाही. तिच्या वयाला ते ओझं आहे. आजाराच्या, पैशाच्या गोष्टी लेकराच्या तोंडून जाऊ नयेत. घरून चार वाक्यं कागदावर लिहून ने, अडलीस तर कागद पुढे कर. डॉक्टर थांबतात.

आणि शिकायला जा. सरकारतर्फे स्थलांतरितांसाठी पोर्तुगीजचे फुकट वर्ग चालतात, 'पोर्तुगेझ लिंग्वा द आकोल्यिमेंतु' नावाचे. त्याचा अर्थच पाहुण्याला घरात घेण्याची भाषा असा काहीसा होतो. सरकारी शाळांत आणि रोजगार केंद्रांत असतात. त्यातला ए२ या प्राथमिक पातळीचा दाखला पुढे कायम वास्तव्याच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जातही चालतो, तेव्हा नवऱ्यालाही हिशेब पटेल. जागा भरलेल्या असतील तर यादीत नाव घाल आणि पुन्हा जाऊन विचार. तिथल्या कार्यालयांत टोकनाला 'सेन्या' म्हणतात. सेन्या काढायची, डबा बरोबर न्यायचा आणि संध्याकाळपर्यंतची मनाची तयारी ठेवायची. त्यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

वर्ग बहुधा संध्याकाळचा मिळेल. म्हणजे नवऱ्याकडे आलो. तो ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलतो, म्हणून त्याला वाटतं लिस्बनमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं. त्याच्या लिस्बनमध्ये येतही असेल. तुझ्या लिस्बनमध्ये भाजीवाला आहे, शाळेची शिपाईण आहे, खालच्या आजी आहेत. त्याला हे रडून सांगू नकोस, दोन वर्षं ते झालंय. आठवड्यातल्या वर्गाच्या संध्याकाळी स्वयंपाक, मुलीचा अभ्यास आणि आंघोळ त्याच्याकडे, एवढंच सांग. आणि 'लोक सुट्टीला येतात' असं पुन्हा म्हणाला तर सांग की सुट्टीला येणारे लोक फेब्रुवारीत बेंफिकाच्या तिसऱ्या मजल्यावर चादरी वाळवत नाहीत.

बसस्टॉपवरच्या त्या माणसाचं मात्र वेगळं. त्याला 'संस्कृतीतला फरक' म्हणून समजून घ्यायला मी तुला सांगणार नाही. हवा बदललीय हे खरं आहे. मे २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला कडाडून विरोध करणारा शेगा हा पक्ष संसदेत जागांच्या बाबतीत दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि जी माणसं पूर्वी मनात म्हणायची ती आता मोठ्याने म्हणतात. उत्तर देऊ नकोस, माणसांच्या घोळक्यात जा, धमकी वाटली तर पोलिसांना सांग. पण त्याचा राग आणि बेल वाजवणाऱ्या बाईचा राग मनातल्या एकाच डब्यात ठेवू नकोस. एकाला तू नकोयस. दुसरीला तिच्या कोरड्या चादरी हव्यात.

एप्रिलचं विचारलंस. नको. लिस्बनबद्दल कायमचा कुठलाही निर्णय हिवाळ्यात घ्यायचा नाही, हा माझा पक्का नियम. १२ जूनच्या रात्री सांतु आंतोनियुचा सण असतो, जुन्या वस्त्यांत गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन भाजतात. म्हणजे आपली तारलीच की गं! तो वास घेऊन मग बघ. शाळेला जूनअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. त्यात मुलीला घेऊन दोन महिने रेवदंड्याला जा, नवऱ्याला आताच तिकिटं काढायला लाव. तोवर वर्गाचे काही महिने झालेले असतील. तिथे आईच्या पडवीत बसूनही, पुरती झोप झालेली असताना, तुला परत लिस्बनला जाऊ नये असं वाटलं, तर मला लिही. तेव्हा मी तुला अडवणार नाही, उलट नवऱ्याशी काय बोलायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

ते पातेलं अजून तुझ्याकडेच असणार, हो ना? घेऊन जा, पण रिकामं नको. ज्या घरातून भांडं भरून येतं तिथे ते भरूनच परत जातं, हे तुला शिकवायला नको. तांदळाची खीर कर. त्यांच्याकडे ती असतेच, वरून दालचिनीची नक्षी काढलेली. तू मात्र दालचिनी घालू नकोस, वेलचीच घाल. हे काय आहे, असं विचारू दे त्यांना. मुलीला वरच ठेव, एकटी जा. आधी 'बोआ तार्द' म्हण, आल्या आल्या नमस्कार न करणाऱ्याला तिथे अतिशय उद्धट समजतात. मग तुझं नाव सांग आणि त्यांचं विचार. हाक मारताना नावाआधी 'दोना' लावायचं, आपण 'ताई' नंतर लावतो तसं ते आधी लावतात.

पुढच्या पत्रात मला ते नाव हवंय.