हातचा घास

"मला एक पत्र हवंय. आम्ही याला उपाशी ठेवत नाही, असं लिहून द्या."

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या छोट्या खोलीत मी बसते. पुढे पशुवैद्य तपासतात. ज्यांच्या घरात लांबलेल्या दुखण्याचं जनावर आहे, ती माणसं मग माझ्याकडे येतात. मी समुपदेशक आहे, औषध लिहून देणं माझं काम नाही. या खोलीत लोक रडलेत, नवरा-बायको कचाकचा भांडलेत. पण असं पत्र मागणारी ही पहिलीच बाई. (ओळख लपवण्यासाठी काही तपशील बदलले आहेत. कुत्र्याला राजा म्हणू.)

राजा अडीच वर्षांचा जर्मन शेफर्ड. त्याच्या हाडापेराला तीसेक किलो वजन शोभलं असतं, काट्यावर भरलं १९. बरगड्या मोजून घ्याव्यात. सोसायटीतल्या कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पोसता येत नसेल तर पाळू नये.' ताईंच्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं.

"दहा दहा पोळ्या खातो हो. वर भात, अंडी. मग जातंय कुठं सगळं?"

हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. ताईंच्या सासूबाईंनी भस्म्या झाला म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. पाच महिने जंताचं औषध झालं, खाणं तीनदा बदलून झालं. आणखी एक गोष्ट ताईंना सांगायची होती, पण तोंडातून शब्द निघेना. शेवटी खाली बघत म्हणाल्या, "स्वतःचीच शी खातो. असं कुणाला सांगणार?"

मी त्यांना म्हटलं, याच गोष्टीने डॉक्टरांचं काम सोपं झालंय. स्वादुपिंडातून अन्न पचवणारे पाचकरस आतड्यात येतात: चरबी, पिष्ट, प्रथिनं, प्रत्येकासाठी वेगळं विकर (एन्झाइम). ती ग्रंथी आटली, की खाल्लेलं तसंच पुढे सरकतं. म्हणून शी ढीगभर, फिकट, तेलकट. तिच्यात न पचलेलं अन्न असतं, कुत्र्याच्या नाकाला ते कळतं. तो खरोखर भुकेला आहे, पोळ्या दहा असोत की वीस. लक्षणं दिसेपर्यंत या ग्रंथीची जवळपास नव्वद टक्के ताकद संपलेली असते, त्यामुळे आधी का नाही कळलं म्हणून स्वतःला कोसण्यात अर्थ नाही. जर्मन शेफर्डमध्ये हे दुखणं ऐन तारुण्यात दिसतं. मालकाच्या हातून काही चुकलं म्हणून ते होत नाही.

उपाशीपोटी रक्त घेऊन बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवलं. स्वादुपिंडाच्या एका विकराचं रक्तातलं प्रमाण मोजणाऱ्या टीएलआय नावाच्या या तपासणीत २.५ किंवा त्याखालचा आकडा आला की निदान पक्कं. राजाचा आला १.१. बी-१२सुद्धा तळाला गेलेलं. कुत्र्यात हे जीवनसत्त्व शोषायला लागणारं एक प्रथिन मुख्यतः स्वादुपिंडातूनच येतं, तेव्हा हे दोन्ही एकत्र दिसणं नेहमीचंच. सहा आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन, मग महिन्याने आणखी एक, असं ठरलं.

आणि कमी पडणारी विकरं बाहेरून देणारी पाचक पावडर, जन्मभर. डॉक्टरांनी सुरुवात केली ती दर १० किलो वजनामागे एक चहाचा चमचा, प्रत्येक जेवणात. पोळ्या, भाकरी, कोंडा, कच्च्या भाज्या बंद, कारण तंतुमय पदार्थ या आतड्यांना झेपत नाहीत. पांढरा मऊ भात, शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, थोडं दही. ताईंनी घाबरून तेलाचा थेंबही बंद केला होता. चरबी इतकी तोडायची गरज नाही, वजन भरायला थोडी लागतेच, हे डॉक्टरांना त्यांना दोनदा सांगावं लागलं.

कागदावर हे सोपं दिसतं. घरात गेलं की बिघडतं, आणि माझं काम तिथेच सुरू होतं.

पहिली गफलत गरम भाताची. सासूबाई वाफाळत्या भातात पावडर कालवत होत्या, 'औषध चांगलं मिसळतं' म्हणून. पाचक विकरं ही प्रथिनंच, उष्णतेने मरतात. मग भात गार करायचा, नुसतं साधं पाणी शिंपडून ओला करायचा, त्यात पावडर, असं ठरलं. कोरडी पावडर उडते, नाकात गेली की त्रास देते. ताईंच्या मिस्टरांना दमा आहे, म्हणून ते काम त्यांच्याकडे द्यायचं नाही.

दुसरी गफलत स्वस्ताईची. पावडरीचा महिन्याचा खर्च ऐकून मिस्टर गप्प झाले होते. कुणीतरी सांगितलं, कच्चं स्वादुपिंड दिलं तरी चालतं. ते खरं आहे: बारीक चिरून, गोठवून ठेवून, न शिजवता एका चमच्याऐवजी ३० ते ९० ग्रॅम देतात. पण मटणवाल्याकडे स्वादुपिंड मागितलं, तर त्याने तिल्ली दिली. तिल्लीत हे रस नसतात. आठवडाभर शी पुन्हा बिघडली आणि कुणाला कारण कळेना. डॉक्टरांनी पिशवी उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. कच्च्या मांसातून जंत आणि जंतू येतात, ती भीती वेगळीच. शिवाय सासूबाईंना फ्रीजमध्ये हा प्रकार नको होता. पावडरीवर परत आले.

त्या दिवशी मिस्टर माझ्यासमोर म्हणाले, "खरं विचारतो मॅडम. याला ठेवावं का?" ताईंनी मान फिरवली. हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट असतो असं मला वाटत नाही. मी फक्त म्हटलं, तीन महिने ठरवू नका, आणि खर्चाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. कुत्रा स्थिर झाल्यावर मात्रा हळूहळू कमी करून किती कमीत कमी भागतं ते पाहता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे कुत्रे सारखे सुधारत नाहीत, हेही मी लपवलं नाही.

आता माझी चूक. मी फ्रीजवर लावायला एक तक्ता करून दिला. प्रत्येक जेवणापुढे चौकोन, 'इतर काही दिलं का?' असा रकाना. पाच आठवड्यांनी तक्ता आणला तेव्हा त्या रकान्यात सगळीकडे 'नाही'. वजन मात्र २० वर अडलेलं, शी एक दिवस बरी, दोन दिवस सैल. डॉक्टर औषध बदलायच्या विचारात होते. मी तक्त्यावर विश्वास ठेवला. खरं तर इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं, की भिंतीवर टांगलेल्या कागदाला माणसं खरं सांगत नाहीत.

त्या शनिवारी त्यांची आठ वर्षांची मुलगी सोबत आली होती. मी खाण्याचं काही विचारलं नाही. विचारलं, "राजा दिवसभर कुणाजवळ बसतो गं?"

"पहाटे अण्णाआजोबांजवळ. ते चहा पितात ना, तेव्हा."

"आणि राजा काय करतो?"

"बिस्किटं खातो." मग आईकडे बघून, "दोनच."

ताईंचा चेहरा लाल झाला. अण्णा म्हणजे सासरे, ऐंशीच्या घरात. पहाटे पाचला उठतात, सगळं घर झोपलेलं असतं. त्या वेळी त्यांच्या पायाशी येऊन बसणारा जीव हा एकच. त्याच्यासमोर एकट्याने बिस्किट खायचं? माझ्या आजोबांनीही खाल्लं नसतं. आपल्याकडे दारात आलेल्याला घास दिल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, आणि हा तर घरचा. पण पावडरीविना पोटात गेलेलं प्रत्येक बिस्किट आतड्यात तसंच सडतं, गॅस होतो, जुलाब परततात. डॉक्टरांच्या दृष्टीने 'दोनच' असं काही नसतं.

ताई म्हणाल्या, आज घरी गेल्यावर बोलतेच त्यांना. मी थांबवलं. बंदी घातली असती तर अण्णांनी बिस्किटं धोतराच्या सोग्यात लपवली असती. डॉक्टरांना विचारलं, दोन जेवणांऐवजी तीन चालतील का? खाणं तेवढंच, तीन वाट्यांत, प्रत्येकात पावडर. ते म्हणाले, उलट बरंच. मग पहाटेचं जेवण अण्णांकडे दिलं. रात्री ताई भात-चिकन फ्रीजमध्ये ठेवतात. अण्णा उठल्यावर ते बाहेर काढतात, देवपूजा होईपर्यंत गारवा जातो, मग पाणी शिंपडून पावडर. चहा नंतर. बिस्किटाचा पुडा आता देवघराच्या वरच्या फळीवर असतो, तिथे त्यांचा हात पोचत नाही. तो तिथे त्यांनीच ठेवायला सांगितला.

मधे एकदा रात्री ताईंचा फोन आला. राजाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. घाबरून दोन दिवस पावडर बंद केली आणि जुलाब परतले. पावडर तोंडात चिकटून राहिली की असं होतं, कधी मात्रा जास्त असते. डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली, खाणं जास्त ओलं करायला आणि खाऊन झाल्यावर पाणी पाजायला सांगितलं. रक्त थांबलं. पूर्ण बंद मात्र करायची नसते.

चार महिन्यांनी काट्यावर २६ आले. पत्र मी आजवर दिलेलं नाही, आणि ताईंनीही पुन्हा मागितलं नाही. गणपतीच्या आधी मात्र त्या एक फोटो दाखवायला आल्या. घरी वीसेक पाहुणे येणार, प्रत्येकाच्या हातात मोदक, म्हणून दारावर पाटी लावली होती. पुठ्ठ्यावर अण्णांचं वळणदार अक्षर:

'कुत्र्यास काहीही देऊ नये. विचारपूस पहाटे पाच ते सहा.'