बुकिंग झालंय आणि तिकडे आंदोलनं पेटली, तर सुट्टीला जावं की रद्द करावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून सहा जण, त्यात साठी ओलांडलेले आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत नेपाळमध्ये काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ असं आठ दिवसांचं बुकिंग केलंय. तिथल्या 2025 मधल्या जाळपोळीचे व्हिडिओ पाहिल्यापासून आई "नकोच" म्हणताहेत. पुन्हा काही गडबड सुरू झाली तर जायचं की नाही, हे कशावरून ठरवायचं?

"देश सुरक्षित आहे का" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, म्हणून तो बाजूला ठेवा. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. हॉटेलपासून विमानतळापर्यंतचा रस्ता चालू राहील का? विमानतळ बंद पडला तर दुसरी वाट कोणती? अडकलो तर किती दिवस निभावून नेता येईल? अशा काळात पर्यटकाला ठरवून लक्ष्य केलं जाणं क्वचित घडतं. तो अडकतो, आणि अडकल्यावर चुकीच्या वेळी चुकीच्या रस्त्यावर जातो. खरा धोका तिथे आहे.

नेपाळचंच उदाहरण घ्या, कारण वेग किती असतो ते त्यात कळतं. 4 सप्टेंबर 2025 ला सरकारने 26 सोशल मीडिया ॲप आणि साइट बंद केल्या. 8 तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर आले, त्याच दिवशी 19 जण मारले गेले. 9 तारखेला पंतप्रधान ओलींचा राजीनामा, संसद आणि सिंहदरबार (सरकारचं मुख्य सचिवालय) पेटलेले, त्रिभुवन विमानतळ बंद. 10 च्या संध्याकाळी विमानतळ उघडला, 12 ला सुशीला कार्कींनी अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. म्हणजे पहिल्या बातमीपासून विमानतळ बंद होईपर्यंत पाच दिवस, आणि सगळ्यात वाईट काळ दोन-तीन दिवसांचा. पण त्या दोन-तीन दिवसांत झळ फक्त राजधानीला बसली नाही, पोखऱ्यातही हॉटेलं जळाली. काठमांडूत हॉटेलच्या आगीतून बाहेर पडताना एका भारतीय महिलेचा जीव गेला. "आम्ही राजधानीत थांबणारच नाही" हा दिलासा म्हणून पुरेसा नाही.

सगळी अशांतता एका जातीची नसते, हेही लक्षात घ्या. सरकार पडण्याची उलथापालथ झटक्यात येते आणि बहुतेकदा झटक्यात ओसरते. श्रीलंकेत 2022 मध्ये झालं ते वेगळं. तिथे महिनोन्‌महिने पेट्रोल नव्हतं, मार्चअखेरीस रोज 13 तासांपर्यंत वीज जात होती. पर्यटकाच्या अंगाला कोणी हात लावला नाही, पण ठरवलेला ड्रायव्हर पंपाच्या रांगेत अडकलेला. बँकॉकला नोव्हेंबर 2008 मध्ये आंदोलक थेट सुवर्णभूमी विमानतळावरच बसले, आठवडाभर विमानं बंद होती. शहर तसं शांत होतं, बाहेर पडता येत नव्हतं एवढंच. आणखी एक प्रकार जाहीर झालेल्या बंदचा आणि निवडणुकीचा. त्याची तारीख आधी कळते, म्हणून त्याला मी सहसा घाबरत नाही, त्या दिवशी प्रवास ठेवत नाही इतकंच. फक्त एक गोष्ट: मतदानाच्या आधी भारत-नेपाळ सीमा 48 ते 72 तास बंद ठेवतात, नेपाळमधल्या निवडणुकीला आणि आपल्याकडच्या सीमेलगतच्या निवडणुकांनाही. परतीची वाट जमिनीवरून असेल तर ही तारीख बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

आता बातम्या कशा वाचायच्या ते. टीव्हीवर एकच जळती बस दिवसभर फिरते, त्यावरून काहीच कळत नाही. आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची आणि काठमांडूतल्या भारतीय दूतावासाची सूचना शब्द न शब्द वाचा. "सावधगिरी बाळगा", "अनावश्यक प्रवास टाळा" आणि "परिस्थिती स्थिर होईपर्यंत प्रवास पुढे ढकला" या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तिसरी आली की माझ्या मते चर्चा संपली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या सूचनाही बघा, कारण त्या जिल्हानिहाय, रस्तानिहाय लिहिलेल्या असतात. त्यानंतर काठमांडू पोस्टसारखं तिथलं वर्तमानपत्र. मग एखाद्या फ्लाइट ट्रॅकरवर काठमांडूला उतरणाऱ्या विमानांची मागच्या तीन दिवसांची यादी. विमानं वेळेवर उतरत असतील तर विमानतळाचे कर्मचारी कामावर पोचताहेत, म्हणजे रस्ते चालू आहेत. इतकी खरी बातमी कोणतंच चॅनल देत नाही.

मग हॉटेलला स्वतः फोन करा. एजंटमार्फत नको. "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलंत तर "एकदम ठीक, तुम्ही या" हेच ऐकाल, कारण त्यांचंही पोट त्यावर आहे. उत्तरात आकडा येईल असे प्रश्न विचारा. काल रात्री किती खोल्या भरल्या होत्या? काल विमानतळावरून पाहुणे आणणाऱ्या गाडीला किती वेळ लागला? रात्रपाळीचा स्टाफ घरी किती वाजता गेला? सकाळी दूध-भाजी आली का? थामेल (काठमांडूतला पर्यटकांच्या हॉटेलांचा भाग) ते विमानतळ हे अंतर पाच-सहा किलोमीटरचं. गाडीला अर्धा तास लागला म्हणाले तर रोजचीच गर्दी. "रिंगरोडवरून फिरून आलो, दोन तास लागले" म्हणाले तर नेमका कोणता चौक बंद आहे ते विचारून घ्या. मैतीघर आणि न्यू बानेश्वर ही नावं ऐकली की समजा मोर्चा मोठा आहे, कारण न्यू बानेश्वरला 2025 मध्ये जळालेली संसदेची इमारत आहे आणि तिथून पुढे जाणारा रस्ता विमानतळाकडे जातो.

पैशांचं गणित इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाबरून सगळं एकदम रद्द करू नका. विमानाचं तिकीट तुम्ही रद्द केलंत तर रद्दीकरणाचे पैसे कापले जातात. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान हा तुमचा हक्क आहे. नुकसानभरपाई मात्र मागता येत नाही, कारण दंगल आणि राजकीय अस्थिरता हे डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांत अपवाद धरलेले आहेत. गडबड मोठी झाली की कंपन्या बऱ्याचदा तारीख फुकट बदलून देतात. त्यामुळे तिकीट शेवटपर्यंत धरून ठेवा. हॉटेलचं उलटं असतं. तिथे "या तारखेपर्यंत मोफत रद्द" अशी मुदत असते, आणि ती उलटली की पैसे गेले. म्हणून हॉटेलची मुदत हीच तुमची निर्णयाची पहिली तारीख. आज बुकिंगचे कागद काढा आणि प्रत्येक मुदत कॅलेंडरवर लिहा.

एक सापळा खास आपल्या नाशिककरांसाठी. ओझर विमानतळाहून दिल्ली एका तिकिटावर आणि दिल्ली-काठमांडू दुसऱ्या तिकिटावर, असं सुट्टं बुकिंग स्वस्त पडतं. पण काठमांडूचं विमान रद्द झालं तर परतावा फक्त त्याचा. ओझरचं विमान तर वेळेवर उडणारच आहे, ते पैसे बुडाले. परतीला आणखी वाईट. काठमांडूहून उशीर झाला आणि दिल्लीचं विमान चुकलं, तर सहा जणांची नवी तिकिटं आयत्या वेळच्या दराने. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असेल तर पुढच्या विमानाची जबाबदारी कंपनीची. सुट्टं झालंच असेल तर परतीत दिल्लीला एक रात्र मोकळी ठेवा.

टूर एजंटशी बोलताना तोंडी आश्वासनावर जाऊ नका. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसात बसून "बघू, ॲडजस्ट करू" हे ऐकायला बरं वाटतं, पण कागदावर चार गोष्टी हव्यात: आवाक्याबाहेरच्या परिस्थितीत रोख परतावा मिळणार की क्रेडिट नोट (पुढच्या सहलीत वळती होणारी रक्कम), क्रेडिट नोटची मुदत किती, ती दुसऱ्याच्या नावावर होते का, आणि भरलेल्या जीएसटीचं आणि टीसीएसचं (एजंट बुकिंगवेळी घेतो तो आगाऊ आयकर) काय. ईमेलवर उत्तर मागा. पुढे वाद झाला तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण दोन्हीकडे लेखी काहीतरी दाखवावं लागतं.

विम्यावर भिस्त ठेवणार असाल तर पॉलिसीतलं "काय मिळणार नाही" हे पान आधी वाचा. युद्ध, बंड, यादवी हे जवळपास सगळीकडे वगळलेलं असतं. संप आणि दंगलीमुळे झालेला उशीर काही पॉलिसीत धरतात, काहींत नाही. "भीती वाटली म्हणून रद्द केलं" याला आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. गडबड सुरू झाल्यानंतर विमा घेतलात तर ती आधीपासून माहीत असलेली घटना ठरते आणि दावा नाकारला जातो. तो बुकिंगच्याच आठवड्यात घ्यायचा असतो. तरीही आई-बाबांसाठी हॉस्पिटलचा खर्च भागवणारा विमा घ्याच, त्याचा या भानगडीशी संबंध नाही.

आता बाहेर पडायची वाट. नेपाळच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण जमिनीवरून परत येता येतं. पोखऱ्याहून सुनौली सीमा दिवसभराच्या रस्त्यावर आहे, घाटाचा भाग धरून पहाटे निघालात तर उजेडात पोचाल. सुनौली ते गोरखपूर साधारण 100 किलोमीटर. गोरखपूरहून मुंबईकडे येणाऱ्या काशी आणि कुशीनगर एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबतात. काठमांडूहून रक्सौलची सीमा जवळ पडते. पण बंद चालू असताना रात्रीचा डोंगरी रस्ता धरू नका. रस्त्यावर टायर पेटलेले असतील तर ड्रायव्हर गाडी वळवतो, आणि अनोळखी घाटात अंधारात वळवण्यात मोर्च्यापेक्षा जास्त धोका आहे. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी भंसार (नेपाळात गाडी न्यायचा सीमेवरचा परवाना) ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्तीचा काढावा. मुदत उलटली की सीमेवर दंड, आणि तोही गर्दीच्या दिवशी.

मुक्तिनाथ हा तुमच्या बेतातला कच्चा दुवा. उंची 3,700 मीटरच्या आसपास, जवळच्या जोमसोम विमानतळाची छोटी विमानं वाऱ्यामुळे सकाळीच उडतात, आणि रस्ता एकच. खाली बंद लागला तर वर अडकाल, तेही थंडीत, वयस्कर माणसांना घेऊन. गडबडीची नुसती चाहूल असेल तर मी मुक्तिनाथ वगळते आणि पोखऱ्यापर्यंत जाऊन परत फिरते. चाहूल नसेल तरी बेत असा लावा की मुक्तिनाथ सुरुवातीला उरकेल आणि शेवटचे दोन दिवस काठमांडूत विमानतळाजवळ राहतील.

फोनचं एक ध्यानात ठेवा. 2025 मध्ये बंद केलेल्या ॲपमध्ये व्हॉट्सॲपही होतं. बांगलादेशात जुलै 2024 मध्ये तर मोबाइल इंटरनेट दहा दिवस गेलं. म्हणून घरच्यांशी "रोज रात्री नऊला साधा एसएमएस" असं ठरवून निघा. प्रीपेड सिमचं रोमिंग भारतातूनच सुरू करा. तिकिटं, हॉटेलचं बुकिंग, दूतावासाचे हेल्पलाइन नंबर सगळं कागदावर छापून घ्या, दोन बॅगांत दोन प्रती. संचारबंदीत विमानतळाकडे जाणाऱ्याला बऱ्याचदा तिकीट आणि पासपोर्ट दाखवून सोडतात, पण इंटरनेट नसेल तर मोबाइलमधलं तिकीट उघडत नाही. विमानाने जाताय, तर 15 ते 65 वयाच्या माणसांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, त्यांना आधार चालत नाही. मुलाचाही पासपोर्टच घ्या.

इंटरनेट गेलं की यूपीआय गेलं आणि एटीएमही भरवशाचं राहत नाही. सहा जणांना तीन दिवसांची खोली, जेवण आणि सीमेपर्यंतची एक मोठी गाडी एवढी रोकड वेगळी काढून ठेवा. माझ्या हिशोबाने 60,000 नेपाळी रुपये, म्हणजे 1.60 च्या दराने 37,500 भारतीय. ती दोघातिघांत वाटून ठेवा आणि खरेदीला हात लावू नका. आई-बाबांची बीपी-शुगरची औषधं आठ दिवसांच्या सहलीला पंधरा दिवसांची घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चेक-इनच्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत.

हॉटेलची खोली दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावर मागा. सरकारी कार्यालयं, पोलीस मुख्यालय, पक्षांची कार्यालयं शेजारी नकोत. मोठ्या नावाचं हॉटेल म्हणजे सुरक्षित असं नाही, 9 सप्टेंबरला काठमांडूतलं हिल्टनसुद्धा जळालं. पोचल्या पोचल्या मुलाला घेऊन आगीचा जिना एकदा चालून या. मोर्चा दिसला की व्हिडिओ काढायला थांबायचं नाही, गल्लीत वळायचं.

मग जायचं की नाही? निघायच्या दहा दिवस आधी आणि तीन दिवस आधी, असं दोनदा बसून बघा. मागच्या सात दिवसांत विमानतळ बंद पडला असेल, दिवसा संचारबंदी असेल, किंवा आपल्या सरकारने प्रवास पुढे ढकला म्हटलं असेल, तर यातलं एकही कारण न जाण्याला पुरेसं आहे. तुमच्यासोबत वयस्कर माणसं आणि मूल आहे, मी दुसरं कारण शोधणार नाही. मोर्चे चालू आहेत पण विमानं उतरताहेत, हॉटेलचे आकडे नेहमीसारखे आहेत, तर मुक्तिनाथ गाळून जा. मधलंच काही असेल तर रद्द करण्याआधी तारीख बदलून मागा. हॉटेलवाल्याला आणि ड्रायव्हरलाही तेच परवडतं, त्यांचा हंगाम बुडालेला असतो आणि ते बहुतेक वेळा हो म्हणतात.

निर्णयाची वेळ आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. घरात बॅगा भरून झाल्यावर, गाडी मुंबई नाक्यावरून निघाल्यावर "आता एवढं आलोच आहोत तर" असं म्हणून माणसं नको तिथे पुढे जातात. तुमची तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत की सुट्टी, आणि हॉटेलची मोफत रद्द करायची मुदत काय आहे, हे खाली लिहा. त्यावरून पुढच्या तारखा लावून देते.