कनेक्शन घेतलं, पण वापस ठेवलं का?

प्रश्न : भाऊ नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यातला, इथल्या एका जिनिंगसाठी काटापट्टीचं वेब ॲप बनवलं, जावा, टॉमकॅट आणि मायएसक्यूएल. दुपारी कापसाच्या गाड्यांची लाईन लागली की ॲप अडकून बसते, एररही येत नाही, रिस्टार्ट केलं की चालते. अन् कधी कधी सकाळची पहिली पट्टीच फेल जाते. पूल (डेटाबेसची कनेक्शनं तयार ठेवून ॲपला वापरायला देणारी लायब्ररी) सी३पी० आहे, सेटिंग काहीच बदललं नाही. एक मित्र म्हणते डीबीसीपी पूल घे, दुसरा म्हणते हिकारी. काय करू?

उत्तर : हिकारी घे. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधे २.० पासून तेच डिफॉल्ट आहे. डीबीसीपी२ (डीबीसीपीची नवी आवृत्ती) काही वाईट नाही, पण नवीनच लावायचं तर हिकारी.

आता खरं दुखणं ऐक. रिस्टार्टनं चालते म्हणतो ना, म्हणजे तुझा कोड कनेक्शन घेऊन राहिला अन् वापस देत नाही, असंच वाटते मला. गटाचे १५ फवारणी पंप आहेत समज, नेणारे घरीच ठेवून घेतात, मग सोळावा दारात उभा. सी३पी० मधे डिफॉल्ट १५ च कनेक्शन, अन् थांबायला मर्यादाच नाही, म्हणून तुला एरर दिसत नाही. हिकारी १० देते अन् ३० सेकंदांनी सरळ एरर फेकते, निदान कळते तरी.

तू क्लोज शेवटच्या ओळीत लिहिलं असशील, मधेच एक्सेप्शन आलं की तिथपर्यंत कोण पोचते? अरे पाऊस आला, फवारणी अर्धी राहिली, तरी पंप जागेवर गेलाच पाहिजे. जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, एक्सेप्शन आलं तरी क्लोज आपोआप होते, सगळीकडे तेच लाव. अन् क्लोज म्हटलं म्हणून भिऊ नको, पूलमधलं कनेक्शन तुटत नाही, वापस पूलमधे जाते. हिकारीचं लीक डिटेक्शन (वापस न आलेलं कनेक्शन पकडणं) बंद राहते, ते २० सेकंदांवर चालू कर, कोणत्या ओळीनं कनेक्शन दाबून ठेवलं ते लॉगमधे येते.

सकाळच्या पट्टीचं म्हणशील तर मायएसक्यूएल ८ तास रिकामं बसलेलं कनेक्शन स्वतःच तोडते, अन् सी३पी० डिफॉल्टमधे ते न तपासताच तुझ्या हातात देते. हिकारी देण्याआधी पाहून घेते, शिवाय ३० मिनिटांत जुनं काढून नवीन करते.

अन् हो, पूल १०० करू नको, दोन-तीन काट्यांच्या कामाला १० भरपूर झाले.