ओट्यावरची सावली आणि फळीवरचा उजेड : एलईडी पट्टीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओट्यावर भिंतीची कपाटं आहेत, चिमणीच्या डावीकडे पाच फूट आणि उजवीकडे तीन फूट. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. भाजी चिरताना स्वतःचीच सावली हातावर पडते. कपाटाखाली एलईडी पट्टी लावायची तर काय आणावं?

उत्तर : छताचा दिवा पाठीमागे असल्यामुळे सावली पडते. म्हणून पट्टी कपाटाच्या तळाला, पण पुढच्या कडेजवळ लावा. बहुतेक घरांत ती भिंतीलगत लावलेली दिसते. मग टाइल्स लखलखतात आणि चिरायच्या जागी अंधार तसाच राहतो.

खरेदीआधी हिशेब करा. आठ फूट म्हणजे सुमारे अडीच मीटर. १२ व्होल्टची, मीटरला १२० दिव्यांची, २८३५ मापाच्या चिपची पट्टी साधारण ९.६ वॅट प्रति मीटर घेते, म्हणजे एकूण २४ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे घरची २३० व्होल्टची वीज १२ व्होल्टवर आणणारा डबा, काठोकाठ कधीच घेऊ नये. पाव हिस्सा वर धरला की ३० होतात. बाजारात १२ व्होल्ट ३ अँपिअरचा, म्हणजे ३६ वॅटचा मिळतो, तो घ्या. दुकानदाराने ५०५० चिपची, मीटरला ६० दिव्यांची पट्टी दिली तर ती मीटरला १४.४ वॅट घेते. अडीच मीटरला बरोबर ३६ झाले! तिथे हाच ड्रायव्हर तापत राहील आणि लवकर जाईल. त्यामुळे रिळावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

काळ्या ग्रॅनाइटमध्ये उघड्या पट्टीचा एकेक दिवा मण्यासारखा उमटतो आणि डोळ्यांना टोचतो. त्यासाठी दुधी झाकणाचं, तिरक्या बसणीचं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसवायची पन्हळ) घ्या आणि उजेड आतल्या बाजूला वळवा. झाकणामुळे प्रकाश थोडा कमी होतो, तो होऊ द्या. सीओबी पट्टी, म्हणजे बारीक चिपा दाटीने बसवून वर सलग थर दिलेली पट्टी, घेतली तर दिवे वेगवेगळे दिसतच नाहीत. उजेडाचा रंग ४००० केल्विन (ना पिवळा, ना निळसर असा पांढरा) आणि सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा जास्त असावा. नाहीतर टोमॅटो आणि कोथिंबीर दोन्ही फिकी दिसतात. दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच रिळातले घ्या, नाहीतर पांढऱ्याच्या दोन छटा दिसतील.

प्रोफाइल हॅकसॉने कापून कडा कानशीने घासा. अर्ध्या इंचाच्या स्क्रूने बसवा, लांब स्क्रू तळ फोडून कपाटात निघेल. पट्टी फक्त कात्रीच्या खुणेवर कापायची. १२० दिव्यांच्या १२ व्होल्ट पट्टीत ही खूण दर तीन दिव्यांनी, म्हणजे अडीच सेंटिमीटरवर येते. मध्येच कापली तर त्या अर्धवट तुकड्यातले दिवे लागत नाहीत. जोड सोल्डरचाच करा. दाबून बसवायच्या क्लिपा वाफेने आणि तेलाने काही महिन्यांत काळ्या पडतात, मग लाइट लुकलुकतो. चिकटवण्याआधी एकदा लावून पाहा. तांब्याच्या ठिपक्यांवर अधिक-उणे लिहिलेलं असतं, वायर उलटी लागली तर पट्टी पेटणार नाही.

दोन्ही तुकड्यांना ड्रायव्हरपासून स्वतंत्र वायर द्या, ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरते. ती चिमणीच्या पाइपला चिकटू देऊ नका. ड्रायव्हर कपाटाच्या माथ्यावर मोकळ्या हवेत, हात पोचेल तिथे ठेवा. पीओपीत किंवा बंद खोक्यात गाडलेला ड्रायव्हर हमखास जळतो. शेगडीच्या वर पट्टी नको. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच, मेन बंद करून जोडून घ्या.

प्रश्न : सागवानी पुस्तकांच्या कपाटात लावलेली पट्टी वर्षभरात सुटून लोंबायला लागली. पुन्हा चिकटवली तरी दोन दिवसांत सुटते.

उत्तर : सुटलेल्या पट्टीची पाठ बघा. तिच्यावर लाकडाची पूड किंवा पिवळट थर असेल तर गोंद लाकडाला कधी धरलाच नव्हता, तो पूड आणि पॉलिशलाच धरून होता. एकदा मळलेला गोंद पुन्हा चिकटत नाही. सनमायकावर जागा स्पिरिटने पुसून भागतं, पण तुमच्याकडे तसं करू नका. फ्रेंच पॉलिश लाखेचं असतं, ते स्पिरिटने विरघळून डाग पडतो. तिथे प्रोफाइल स्क्रूने बसवून पट्टी अ‍ॅल्युमिनियमवर चिकटवा. आधी अ‍ॅल्युमिनियम स्पिरिटने पुसा, ते वाळू द्या, अंगठ्याने सगळीकडे दाबून बसवा आणि एक दिवस लाइट लावू नका. धातू उष्णताही ओढून घेतो, त्यामुळे गोंद आणि दिवे दोन्ही टिकतात. फळीच्या कोपऱ्यात पट्टी काटकोनात मुडपू नका, आतला तांब्याचा पत्रा तुटतो. तिथे कापून वायरने जोडा.

प्रश्न : हॉलच्या लांब शोकेसमध्ये सात मीटर पट्टी सलग आहे. सुरुवातीला झगझगीत, शेवटी मंद. पट्टी खराब आहे का?

उत्तर : पट्टी खराब नाही. रीळ पाच मीटरचं असतं, त्यापुढे दुसरं सलग जोडलं की सगळा भार पहिल्या पट्टीच्या पातळ तांब्यातून जातो. मीटरला ९.६ वॅट धरले तर सात मीटरला ६७ वॅट, म्हणजे साडेपाच अँपिअर. वाटेत व्होल्ट गळतात. लाइट चालू ठेवून मल्टिमीटरने दोन्ही टोकांचे व्होल्ट मोजा, फरक लगेच कळेल. मोठा ड्रायव्हर आणून हे सुटत नाही, आणि चुकूनही व्होल्ट वाढवू नका, सुरुवातीचे दिवे जळतील. ड्रायव्हरपासून दीड चौरस मिलिमीटरची वायर आणून मधोमध जोडा, किंवा दोन्ही टोकांना द्या. नवीन काम असेल तर २४ व्होल्टची पट्टी आणि तिचाच ड्रायव्हर घ्या. प्रवाह निम्मा होतो आणि गळती बरीच घटते.

प्रश्न : स्विच बंद केला तरी रात्री पट्टी मधूनच क्षणभर चमकते.

उत्तर : स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून झिरपणारा प्रवाह ड्रायव्हरमध्ये साठतो आणि पुरेसा झाला की दिवे चमकतात. साधा स्विच बसवा. तरीही चमकत असेल तर स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) लागला आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. तसं असेल तर स्विच बंद असतानाही ड्रायव्हरपर्यंत फेज येत राहतो.

प्रश्न : २३० व्होल्टची रोप लाइट स्वस्त आहे, ड्रायव्हरही लागत नाही. ती ओट्यावर लावू का?

उत्तर : नका लावू. रोप लाइट म्हणजे दिवे भरलेली प्लास्टिकची नळी, आणि त्या नळीत थेट घरची वीज असते. टोक नीट बंद झालं नाही, किंवा सुरीने नळी कापली गेली, तर ओल्या हाताला झटका बसेल. शिवाय ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते. तिच्याखाली हात भरभर हलवला की बोटं तुटक तुटक दिसतात, आणि अशा उजेडात सुरी चालवणं धोक्याचं. रोप लाइट दिवाळीत गॅलरीत वर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी लावा. ओट्यावर १२ किंवा २४ व्होल्टच हवेत.