‘शांताराम कुठं कॉलेजात गेले होते?’

नमस्कार.

इचलकरंजीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्स झाला, मेकॅनिकलला प्रवेश मिळेल एवढे मार्क आहेत, पण त्याला पिक्चर काढायचेत आणि कॉलेजच नको. तुम्ही रागावलात की त्याचं ठरलेलं उत्तर: ‘व्ही. शांताराम कुठं कॉलेजात गेले होते?’ वर तुमच्या यंत्रमाग दुरुस्तीच्या वर्कशॉपमधली चार बेअरिंग काढून त्यानं कॅमेरा सरकवायची गाडी बनवली, ही तक्रारही आहे.

तक्रारीपासूनच सुरू करतो, कारण अख्ख्या पत्रात मला तीच गोष्ट सर्वांत आवडली. तुमच्यापासून तासाभरावर, कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता. नुसतं ‘डायरेक्टर व्हायचंय’ म्हणणारी पोरं माझ्याकडे आठवड्याला दोन येतात. गाडी बनवून दाखवणारं वर्षात एखादं. बेअरिंगचे पैसे हवे तर त्याच्याकडून वसूल करा, पण त्यावरून बोलू नका.

आता शांतारामबापूंचं. मुलगा म्हणतो ते खरं आहे, कॉलेज त्यांनी पाहिलं नाही. पण मग काय केलं, ते त्यानं पुढं वाचलेलं दिसत नाही. जन्म कोल्हापूरचा, १९०१ चा. पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत. तिथून हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला आणि संध्याकाळी तिथल्याच पत्र्याच्या थिएटरात दारावर. म्हणजे दिवसा लोखंड, रात्री पडदा. १९२० मध्ये ते बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. तिथं झाडलोटीपासून सगळं केलं: सेट लावणं, कॅमेऱ्याला हात देणं, फिल्म कापणं-जोडणं, आणि गरज पडली की तोंडाला रंग लावून उभं राहणं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधला जमीन गमावलेला तरुण शेतकरी म्हणजे तेच. दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘नेताजी पालकर’, साल १९२७. सात वर्षं झाली की नाही? आणि तीही मुलाला नको असलेल्या कॉलेजपेक्षा कितीतरी कडक मास्तरच्या हाताखाली.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी, कारण तुम्हाला भीती आहे ती पोरगा एकटा पडेल याची. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली ती पाच जणांची. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघं बाबूरावांच्याच कंपनीतले, पाचवे पैसे घालणारे सीतारामपंत कुलकर्णी. या धंद्यात माणूस मोठा होतो तो शेजारी राबलेल्या माणसांबरोबर. शिकायला कुठंतरी जायचं ते डिप्लोमासाठी जेवढं, तेवढंच या माणसांसाठी.

आणि अपयश? १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ या चित्रपटाच्या रंगीत प्रती करायला शांताराम थेट जर्मनीला गेले. रंग जमलेच नाहीत. पण येताना हात रिकामे नव्हते. पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एक डोळा त्यांनी दूरचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सनं पडदाभर करून दाखवला. त्या एका डोळ्याबद्दल लोक अजून बोलतात.

हा भाग मुलाला वाचायला द्या. बाबा रे, दिग्दर्शन शिकवणारी पुण्याची सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आज, कोल्हापूरहून पुढं पुण्याला गेलेल्या प्रभातच्याच जागेत आहे, आवारातल्या तळ्याला नावसुद्धा शांतारामांचंच. पण तिथल्या दिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या कोर्सला बसायला पदवी लागते. कुठल्याही शाखेची चालते, पण लागते. कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटचंही तेच. तेव्हा कॉलेज नको म्हणशील तर शांतारामांच्याच अंगणाचं दार तू स्वतः लावून घेतोस. तोवर एक काम कर. ‘कुंकू’ बघ, १९३७ चा. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळ, भांडी, दार, जे आवाज आहेत ते घरातलेच. वही घेऊन बस आणि कुठल्या क्षणी कुठला आवाज येतो, तो काढून टाकला तर काय जाईल, ते लिही. दहा पानं झाली तर पुढचं बोलू. दोन पानांत कंटाळलास तर तेही कळलेलं बरं.

पुन्हा तुमच्याकडे. मेकॅनिकलचा आग्रह सोडा, असं मी म्हणेन. चार वर्षांची फी आणि मन नसलेला मुलगा, हा हिशोब जुळत नाही. तीन वर्षांची साधी पदवी घरी राहून करू दे. साहित्य घेतलं तर उत्तम, गोष्ट कळल्याशिवाय कॅमेरा नुसता फिरतो. सुट्टीत लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एखाद्याच्या हाताखाली एडिटिंगला बसवा. त्यात कमीपणा मानू नका, मुदतीत काम द्यायची सवय तिथंच लागते. पदवीनंतर प्रवेश परीक्षेला दोन वेळा बसू द्यायचं, हे आत्ताच दोघांनी बोलून ठरवा. जागा फारच थोड्या असतात, पहिल्या खेपेला न लागणारे पुष्कळ. दोन्हीदा नाही जमलं तर एडिटिंग हातात असेल, पोटापुरतं मिळेल.

त्या गाडीवरून त्यानं जे काही शूट केलंय, ते मात्र तुम्ही अजून पाहिलेलं दिसत नाही. पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. आधी ते बघा, आणि मग मला लिहा.